गाडी खर्ची टाका

मराठी व्यापारी नवी गाडी घेण्याआधी दोन जणांना विचारतो. गुरुजींना विचारतो, "मुहूर्त कधीचा आहे?" आणि आम्हाला विचारतो, "खर्ची पडेल ना?" गुरुजींचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं आणि पुढे दोन वर्षांनी त्यावर नोटीस येत नाही. आमचं उत्तर "पडेल, पण..." असं सुरू होतं. त्या 'पण'च्या पुढचं वाक्य ऐकायला थांबलेला माणूस मला अजून भेटायचाय.

मी पुण्यात एका पेठेतल्या करसल्लागाराच्या ऑफिसात हिशेब लिहितो. आमचे साहेब सीए आहेत, पण जुनी गिऱ्हाइकं त्यांना 'वकीलसाहेब'च म्हणतात आणि मला 'वकिलाकडचे'. लोकांच्या घरात काय चाललंय हे मला त्यांच्या शेजाऱ्यांच्या आधी कळतं, कारण त्यांचं पेट्रोल माझ्या टॅलीतून जातं. मुलगा होस्टेलला गेला की पेट्रोल कमी होतं. मुलीचं लग्न ठरलं की वाढतं. भावाभावांत बिनसलं की दोन वेगळ्या पंपांच्या पावत्या यायला लागतात.

व्यापारी मंडळींत एक जुनी श्रद्धा आहे: गाडी 'धंद्यात दाखवली' की फुकट पडते. "सगळी टॅक्समध्ये जाते हो," असं शेजारचा दुकानदार सांगतो. टॅक्समध्ये जाते म्हणजे नेमकी कुठे जाते, ते त्यालाही माहीत नसतं. मी कागद ओढून हिशेब मांडतो. गाडी दहा लाखांची. पहिल्या वर्षी घसारा १५ टक्के, म्हणजे दीड लाख. माणूस तीस टक्क्यांच्या पट्ट्यात असला, तर वाचला टॅक्स ४५ हजार. वरचा चार टक्के सेस धरून ४६,८००. म्हणजे ४६,८०० वाचवायला तुम्ही दहा लाख घालताय. गिऱ्हाईक कागदाकडे बराच वेळ बघतं, माझ्याच हातातलं पेन घेऊन ४६,८०० या आकड्याभोवती गोल काढतं आणि विचारतं, "पण हे तर वाचले ना?"

यावर काय बोलणार? वाचले, हे खरंच आहे.

खरी गंमत तारखेत आहे. आयकराचा नियम असा, की गाडी त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर घसारा निम्मा. पंधराच्या जागी साडेसात टक्के. ३१ मार्चपासून उलटे १८० दिवस मोजत गेलं, की बोट ३ ऑक्टोबरवर येऊन थांबतं. ३ तारखेला गाडी कामाला लागली तर घसारा पूर्ण, ४ तारखेला लागली तर अर्धा. लीप वर्ष असेल तर एका दिवसाची सूट. नियम अगदी स्वच्छ आहे. फक्त तो करताना कुणी पंचांग उघडलेलं दिसत नाही.

आपल्याकडे गाडी साडेतीन मुहूर्तांवर येते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण. दिवाळीचा पाडवा अर्धा. आता यांना १८० दिवसांची पट्टी लावून बघा. अक्षय्य तृतीया एप्रिल-मे महिन्यात पडते, तेव्हा घसारा पूर्ण. पण त्या दिवशी लोकांचं सगळं लक्ष सोन्याकडे आणि आंब्याकडे. दिवाळीचा पाडवा दर वर्षी ३ ऑक्टोबरच्या पुढेच, म्हणून दर वर्षी अर्धा घसारा. म्हणजे शास्त्रानं ज्याला अर्धा मुहूर्त म्हटलं, त्याला आयकर खात्यानंही मोजून अर्धंच दिलं. धर्मशास्त्र आणि आयकर यांचं एकमत झालेली मला माहीत असलेली ही एकमेव जागा.

गुढीपाडवा मात्र बिलंदर. तो कधी मार्चात येतो, कधी एप्रिलात. २०२५ साली तो ३० मार्चला, रविवारी आला. त्या दिवशी ज्यानं नवी गाडी आणली, चाकाखाली लिंबं चिरडली आणि संध्याकाळपर्यंत गाडीतून एखादी डिलिव्हरी करून टाकली, त्याचं आर्थिक वर्ष दुसऱ्या दिवशी संपलं. वापर दोन दिवसांचा. पण कायदा '१८०पेक्षा कमी' एवढंच म्हणतो, आणि दोन हे १८०पेक्षा कमीच असतात. दहा लाखांच्या गाडीवर पाऊण लाख घसारा! आमच्या एका हार्डवेअरवाल्या गिऱ्हाइकाला हे समजावलं, तेव्हा त्यानं मोबाइलवर भागाकार करून विचारलं, "म्हणजे रोजचे साडेसदतीस हजार?" मग थोडं थांबून म्हणाला, "आणखी एखादी घ्यायला हवी होती."

उरला दसरा. आमच्या ऑफिसातला सगळ्यात अवघड सण. २०२३ साली तो २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला. दोन्ही वर्षी झेंडूची तोरणं लावून गाड्या आल्या, आणि दोन्ही वर्षी घसारा अर्धा. "अहो, पूर्ण मुहूर्त आहे!" असं गिऱ्हाईक कळवळून सांगायचं. आम्ही म्हणायचो, मुहूर्त पूर्ण आहे, दिवस अपुरे आहेत.

२०२५ साली मात्र कपिलाषष्ठीचा योग आला. दसरा २ ऑक्टोबरला! मुदतीच्या बरोब्बर एक दिवस आधी. त्यात जीएसटीचे नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले, म्हणजे नेमकी घटस्थापना. छोट्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि त्यावरचा सेस जाऊन सरळ १८ टक्के झाला. पितृपक्ष संपला, घट बसले, दर उतरले, आणि दसराही ३ तारखेच्या अलीकडे. गिऱ्हाइकांचे फोन थांबेनात. ज्यांना गाडी हवी होती त्यांनी घेतलीच, आणि ज्यांना नको होती त्यांना 'एवढं सगळं जुळून आलंय तर सोडायचं कशाला' म्हणून घ्यावी लागली. दर कधी उतरवायचे याचा दिवस ठरवताना जीएसटीवाल्यांनी पंचांग नक्की पाहिलेलं असणार. दोघंही बसतात एकाच अर्थ मंत्रालयाखाली. आयकरवाल्यांनी शेजारच्या टेबलावरचं ते मागून घ्यायला काय हरकत होती?

कायद्याला गाडी 'घेतलेली' चालत नाही, ती धंद्यासाठी 'वापरलेली' लागते, हीही एक मेख आहे. दसऱ्याला आणलेली गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हार घालून उभी ठेवली, तर तो वापर नव्हे. त्या वर्षी एका गिऱ्हाइकानं विचारलं, "नवी गाडी आधी सारसबागेत गणपतीला नेतो. तो वापर धरतात का?" साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दर्शन घ्या, आणि येताना एक डिलिव्हरी टाकून या. बिल जपून ठेवा." त्यानं तसंच केलं. चलनावर तारीख २ ऑक्टोबर, माल एक डझन डोअर क्लोजर, आणि कोपऱ्यात कुंकवाचा ठसा.

यंदा, २०२६ साली, परिस्थिती चिंताजनक आहे. ज्येष्ठ अधिक महिना आल्यामुळे त्यानंतरचे सगळेच सण उशिरा आलेत. दसरा २० ऑक्टोबरला. तो तर गेलाच. पण ३ ऑक्टोबर ही मुदतच ऐन पितृपक्षात पडते. पूर्ण घसारा हवा तर पितर नाराज, आणि पितर सांभाळले तर घसारा अर्धा, असा हा पेच. घरोघरी आई एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला. साहेबांनी तोडगा काढलाय: गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, त्याच दिवशी आणा. यावर एका गिऱ्हाइकाचं म्हणणं पडलं, की त्या दिवशी मूर्ती आणायलाच गाडी लागते, मग गाडी आणायला कशानं जायचं?

तर अशी ही गाडी घरी येते. घरी म्हणजे धंद्यात. पुढचं सगळं भांडण याच दोन शब्दांचं आहे.

१९६१च्या आयकर कायद्यात ३८वं कलम होतं. गाडी थोडी धंद्याला आणि थोडी घरकामाला वापरली जात असेल, तर अधिकाऱ्यानं 'वाजवी' तेवढाच भाग खर्च म्हणून मान्य करावा, असं ते सांगायचं. वाजवी म्हणजे किती, ते सांगायचं नाही. त्यामुळे व्यवहारात एक आकडा रूढ झाला, २० टक्के घरगुती. कुणी दहा लावतो, कुणी अधिकारी कडक असेल तर एक तृतीयांशावर जातो, पण वीस हा सर्वांना सोसणारा आकडा. त्याच्यामागे मोजमाप नाही, मीटर नाही, सर्वेक्षण नाही. दहा टाकले तर अधिकाऱ्याला पटत नाहीत, आणि तीस म्हटलं तर गिऱ्हाईक खुर्चीतून उठतं.

आमचे एक फरसाणवाले काका आहेत. दर वर्षी जूनच्या अखेरीस ते पिशवीभर पावत्या घेऊन येतात, पिशवीत वर पावशेर भाजणीची चकली ठेवलेली असते. मी विचारतो, "काका, घरच्या कामाला गाडी किती फिरते?"

"घरच्या? छे छे. सगळी धंद्याची."

"श्रावणात पालीला गेला होतात."

"तिथं आपल्या चिवड्याचं दुकान आहे एक. उधारी होती."

"आणि जेजुरीला?"

"हळदीचा भाव बघायला." काकांचा चेहरा अगदी निर्विकार. "चिवड्याला हळद लागते. आणि हळद जेवढी जेजुरीत खपते तेवढी कुठं खपते सांगा?"

"पुतणीच्या लग्नाला नाशिकला?"

"चारशे पानं उठली. त्यांतली निम्मी माणसं आपली गिऱ्हाइकं. रुखवतात पाच किलो माल आपला. ती जाहिरात नाही का?"

हसण्यासारखं आहे, पण काका खोटं बोलत नाहीत. मागे एकदा ते भोरला मयताला गेले होते, तिथून तेराव्याच्या बुंदीची ऑर्डर घेऊन आले. त्यांना ती मागायला लागली नाही; कोपऱ्यात बसलेल्या दोघांनी आपणहून विषय काढला. आता ते पेट्रोल कुठल्या खात्यात टाकायचं? छोट्या धंद्यात नातेवाईक आणि गिऱ्हाईक ही वेगळी माणसं नसतात. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर संध्याकाळी सहाला टेबल आवरून घरी जाणारा माणूस असावा. आमच्या काकांचं दुकान खाली, घर वर, भट्टी मागे. ते जिन्यावर असताना धंद्यात असतात की घरी, हे त्यांच्या बायकोलाही सांगता यायचं नाही. म्हणून मला विचाराल तर तो वीस टक्क्यांचा आकडा बरा आहे. खरा नसेल, पण त्याच्यामुळे निदान प्रत्येक मयताचा हिशेब लिहायला लागत नाही.

एका बाबतीत मात्र कायदा व्यापाऱ्याच्या बाजूनं उभा राहिला. खर्च 'पूर्णपणे आणि केवळ' धंद्यासाठी झालेला असावा, अशी त्याच कायद्यातल्या ३७व्या कलमाची अट होती. १९६१ साली विधेयक आलं तेव्हा त्यात आणखी एक शब्द होता: 'आवश्यक'. त्यावर ओरड झाली आणि तो शब्द गाळूनच कायदा मंजूर झाला. सुप्रीम कोर्टानं १९७९ सालच्या ससून जे. डेव्हिड कंपनीच्या निकालात हा इतिहास नोंदवून ठेवलाय. म्हणजे 'खर्च धंद्याचाच होता का' हे अधिकारी विचारू शकतो. 'एवढी मोठी गाडी घ्यायची गरज होती का' हा त्याचा प्रश्न नव्हे. तो प्रश्न फक्त घरात विचारला जातो, आणि त्या निकालावर अपील नाही.

कंपनीवाल्यांची कथा आणखी वेगळी. गुजरात हायकोर्टाचा सयाजी आयर्नचा निकाल आमच्या लाइनीत प्रसिद्ध आहे. त्या कंपनीच्या गाड्या संचालक घरच्या कामाला वापरतात म्हणून खात्यानं काही खर्च कापला होता. कोर्ट म्हणालं, कंपनी ही कायद्यानं निर्माण केलेली व्यक्ती. तिला 'खासगी वापर' असूच शकत नाही. बरोबर आहे. कंपनीला सासुरवाड नसते, कुलदैवत नसतं, तिच्या मामेभावाची मुंज नसते. हा निकाल मी एकदा चहाच्या वेळी सहज सांगितला, तर दुसऱ्या दिवशी तीन जण प्रायव्हेट लिमिटेड काढायला आले. साहेबांनी मला आत बोलावलं आणि चहाच्या वेळी कोर्टाचे निकाल सांगायचे नाहीत, असा नियम घालून दिला. कारण त्या निकालाला मागचं दार आहे: कंपनीच्या हिशेबात खर्च कापला जात नसला, तरी संचालकाला मिळालेली सोय त्याच्या पगारात धरून त्याच्याकडून टॅक्स घेता येतो. कंपनीला सासुरवाड नसली, तरी संचालकाला असते.

आता पुराव्याकडे येऊ. पूर्वी गाडी कुठे गेली होती हे गाडीवाला सांगेल तेच खरं. २०२१च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला, आणि गाडी स्वतःच बोलायला लागली. एका गिऱ्हाइकानं 'वसुलीसाठी सातारा' असं लिहून दिलं होतं. फास्टॅगचं स्टेटमेंट काढलं: खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. दुसऱ्या दिवशी दुपारी किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर. वार शनिवार-रविवार. मी फक्त वर बघितलं. तो म्हणाला, "वसुली पुढे पळाली होती." वसुली कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळापाशी सापडली असावी, कारण पावत्यांत तांबड्या-पांढऱ्याचं बिल होतं.

गॅरेजवाल्याचं काय सांगावं! तो काम उत्तम करतो, पण त्याला अक्षराचं वावडं. पक्कं बिल मागितलं की त्याला अपमान वाटतो. व्हिजिटिंग कार्डाच्या मागं 'सर्व काम केले' आणि खाली एक रक्कम, एवढाच ऐवज. ती रक्कम दहा हजारांच्या वर आणि रोख असली, की संपलंच: एका दिवसात एका माणसाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिलेला खर्च कायदा धरतच नाही. हे कळल्यावर एक गिऱ्हाईक म्हणालं, "मग मिस्त्रीला दोन दिवसांत देतो." तेवढं जमतं. पण मिस्त्रीच म्हणाला, "सगळे आत्ताच द्या, गाडी न्या."

आणि वाहतूक पोलिसांचं ई-चलन. दर वर्षी कुणीतरी ते पावत्यांच्या गठ्ठ्यात घालून पाठवतं. कायदा मोडल्याचा दंड खर्च म्हणून वजा होत नाही, हे मी दर वर्षी सांगतो. गेल्या खेपेला एकानं विचारलं, "वाहतूक खर्च आणि वाहतूक पोलीस, यांत फरक काय?"

बैलगाडीवाला गिऱ्हाईक आमच्याकडे नाही, पण असता तर त्याची फाइल मी स्वतः केली असती. कायद्याच्या भाषेत वाहन हे 'प्लांट' म्हणजे यंत्रसामग्री, म्हणून त्यावर घसारा. पण त्याच व्याख्येत पुढे लिहिलंय, की चहाची झुडपं आणि जनावरं प्लांट नव्हेत. म्हणजे गाडीला घसारा आहे, बैलाला नाही. बैल मेला किंवा कायमचा निकामी झाला, तरच त्याची किंमत, विक्रीतून काही आलं असेल ते वजा जाता, खर्ची पडते. तोवर त्यानं नुसतं ओढायचं. आणि गंमत म्हणजे ज्या इंग्लिश खटल्यात न्यायाधीशांनी 'प्लांट' म्हणजे काय हे सांगितलं, जो आजही करखटल्यांत आठवला जातो, तो १८८७ सालचा खटला एका घोड्याचा होता. खोडकर घोडा, त्यानं गाडी हाकणाऱ्याला लाथ मारून पाय मोडला, आणि न्यायाधीशांनी ठरवलं की घोडा हाही प्लांट आणि खोडसाळपणा हा त्या प्लांटमधला दोष. व्याख्या घोड्यापायी जन्मली आणि आपल्याकडे येईपर्यंत घोडाच बाहेर पडला.

जीएसटीवाल्यांची करणी त्यामानानं थोडक्यात सांगतो. माल वाहणाऱ्या टेम्पोवर भरलेला जीएसटी वळता करून मिळतो. माणसं वाहणाऱ्या गाडीवर, ड्रायव्हर धरून तेरापर्यंत आसनं असतील तर, साधारणपणे मिळत नाही. टॅक्सीवाले आणि ड्रायव्हिंग स्कूलवाले यांना सूट. यात कायद्यानं 'मंजूर आसनक्षमता' असा शब्द वापरलाय. 'मंजूर' घालण्याचं सुचलं तो माणूस आमच्या वाईकडच्या वडापमधून नक्की एकदा गेलेला असणार. नाहीतर त्या दहा सिटांच्या जीपमध्ये किती माणसं बसतात, टपावर किती आणि मागे लोंबकळत किती, हे ठरवता ठरवता जीएसटी कौन्सिल म्हातारं झालं असतं.

टेम्पोवाल्यांना एक वेगळाच आशीर्वाद आहे. मालवाहतुकीचा धंदा आणि दहापर्यंत गाड्या असतील, तर खर्चाचा हिशेब ठेवायचीच गरज नाही. बारा टनांपर्यंतच्या प्रत्येक गाडीमागे महिना साडेसात हजार उत्पन्न झालं असं धरून टॅक्स भरायचा. हे उत्पन्न गाडी धावली म्हणून नव्हे, तुमच्या मालकीची होती म्हणून. आमच्या एकाचा 'छोटा हत्ती' पावसाळ्यात दोन महिने इंजिन उघडून गॅरेजात पडला होता. कायद्यानुसार त्यानं त्या अवस्थेत पंधरा हजार कमावले. मालक म्हणाला, "मग खात्यालाच चालवायला द्या की."

आणि आता फरसाणवाले काका. त्यांची उलाढाल दोन कोटींच्या बरीच आत. अशा छोट्या व्यापाऱ्यानं उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या पैशांवर सहा टक्के नफा दाखवला, की काम झालं. खर्च सगळा त्यातच धरलेला. पेट्रोल त्यात, विमा त्यात, कर्जाचं व्याज त्यात, मिस्त्रीचं 'सर्व काम केले' त्यात. घसारासुद्धा मिळाला असंच धरतात आणि गाडीची किंमत दर वर्षी वहीत खाली येते, तुम्ही मागा अगर मागू नका. काका कित्येक वर्षं याच योजनेत आहेत. म्हणजे पाली, जेजुरी, नाशिक, भोर, आणि ती पिशवी, यातल्या कशालाही टॅक्सच्या दृष्टीनं काडीची किंमत नाही.

हे मी त्यांना सांगितलंय. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते गप्प बसले. मग म्हणाले, "असू दे, फायलीला राहू दे." पुढच्या जूनमध्ये पुन्हा पिशवी. मग मी त्यांना पालीचं आणि जेजुरीचं का विचारतो, असं वाटेल. रिटर्नच्या दिवसांत ऑफिसात दुसरी करमणूक नसते. शिवाय विचारलं नाही, तर त्यांना आपली फाइल नीट झाली नाही असं वाटतं.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१चा कायदा जाऊन २०२५चा नवा आला. ८१९ कलमांची ५३६ झाली, 'आधीचं वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' यांचा घोळ जाऊन एकच 'कर वर्ष' आलं, हे मी मनापासून चांगलं म्हणेन. आमची मात्र पंचाईत झालीय, कारण साहेबांना कलमांचे जुने नंबर स्वप्नातसुद्धा पाठ होते आणि नवे अजून वहीत बघावे लागतात. १८० दिवस मात्र जसेच्या तसे आहेत.

ज्यांना खरोखर खर्च दाखवायचा आहे, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या आहेत, त्यांना एकच सांगणं. पंपावरची पावती थर्मल कागदावरची असते. डॅशबोर्डवर उन्हात राहिली तर दिवाळीच्या आत कोरी होते. उलट एप्रिल २०२६ मध्ये भरलेल्या पेट्रोलचं रिटर्न २०२७ साली भरलं जाईल, आणि त्याच्या तपासणीची नोटीस जून २०२८ अखेरपर्यंत येऊ शकते. तेव्हा पावतीचा फोटो त्याच दिवशी मोबाइलवर काढा, मागं काम काय होतं ते लिहा, आणि कोऱ्या कागदांची पिशवी आमच्याकडे आणू नका. चकली आणली तर चालेल.